अथेन्स पायी पायी: मित्रांबरोबर पहिल्यांदाच जाणाऱ्यांसाठी

ग्रीसची सहल ठरली की व्हॉट्सॲप ग्रुपवर लगेच सँटोरिनीचे निळे-पांढरे फोटो पडायला लागतात आणि अथेन्सच्या वाट्याला जेमतेम एक दुपार येते. माझं मत याच्या उलट आहे. पाठीवर सॅक, बरोबर चार मित्र आणि खिसा बेताचा असेल तर बेटं पुढच्या वेळेसाठी ठेवा आणि अथेन्सला पुरते चार दिवस द्या. जुनं शहर आटोपशीर आहे. बहुतेक महत्त्वाच्या जागा एकमेकींपासून अर्ध्या-पाऊण तासाच्या चालीत आहेत. फेरीबोटीच्या तिकिटांवर जाणारे पैसे वाचतात, आणि चालता चालता ज्या गप्पा होतात त्या बसच्या खिडकीशी बसून होत नाहीत.

आधी कागद, मग तिकिटं

ग्रीस शेंगेन गटात आहे, म्हणजे युरोपातल्या अनेक देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा काढायचा. अर्ज ग्रीसच्या व्हिसा केंद्रात द्यायचा. तो प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, आणि उशिरात उशिरा १५ दिवस आधी. उन्हाळ्याच्या सुट्टीत अपॉइंटमेंट मिळणं अवघड होतं, म्हणून दोन-तीन महिने हातात ठेवा. मोठ्यांसाठी व्हिसाची फी ९० युरो, त्यावर केंद्राचं सेवाशुल्क वेगळं. प्रवासविमा किमान ३०,००० युरोंचा लागतो आणि पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर निदान तीन महिने चालू असावा लागतो.

तुम्ही एकत्र जात असलात तरी अर्ज प्रत्येकाचा स्वतंत्र तपासला जातो. एकाचा पगार चांगला आहे म्हणून दुसऱ्याचं बँक स्टेटमेंट खपून जात नाही. तारखा, मुक्कामाचे पत्ते आणि रोजचा कार्यक्रम मात्र सगळ्यांच्या अर्जात अगदी सारखे हवेत. एकाने बसून ते लिहावं आणि बाकीच्यांनी तेच जोडावं. मुक्कामाचं बुकिंग रद्द करता येईल असंच घ्या. आणि एक नाजूक गोष्ट आधीच बोलून ठेवा: कुणा एकाचा व्हिसा नाकारला गेला तर बाकीचे जाणार का, आणि त्याच्या वाट्याचा खर्च कसा वाटून घेणार? हे अर्ज भरण्याआधी ठरलं तर मैत्रीवर ओरखडा उठत नाही.

तारखा निवडताना एप्रिल, मे किंवा ऑक्टोबर धरा. जुलै-ऑगस्टमध्ये पारा चाळिशीला टेकतो. उष्णतेची लाट आली की शहराच्या मधोमध असलेला प्राचीन गड अ‍ॅक्रोपोलिस भर दुपारी काही तास बंद ठेवतात. नोव्हेंबर ते मार्च थंडी-पाऊस असतो, पण राहणं स्वस्त पडतं आणि त्या महिन्यांत पहिल्या आणि तिसऱ्या रविवारी सरकारी प्राचीन स्थळं फुकट पाहता येतात. १ जानेवारी, २५ मार्च, १ मे, ईस्टरचा रविवार आणि २५-२६ डिसेंबर या दिवशी सगळं बंद. ग्रीकांचं ईस्टर त्यांच्या ऑर्थोडॉक्स पंचांगाप्रमाणे येतं, आपल्या कॅलेंडरवर छापलेल्या तारखेला येईलच असं नाही. त्या आठवड्यात जायचं असेल तर जरूर जा. गुड फ्रायडेच्या रात्री प्रत्येक वस्तीतून फुलांनी सजवलेली मिरवणूक निघते, शनिवारी मध्यरात्री चर्चबाहेर हजारो मेणबत्त्या पेटतात. फक्त दुकानं बंद असतील हे धरून खाण्याची तजवीज आधी करा.

सॅक आणि कॉन्ट्री

चाळीस लिटरची सॅक पुरे. चाकांची बॅग नकोच, जुन्या वस्तीतले दगडी रस्ते आणि पायऱ्या तिला जुमानत नाहीत. वर एक छोटी पिशवी घ्या, कारण अ‍ॅक्रोपोलिसवर मोठी सॅक नेऊ देत नाहीत, प्रवेशापाशी जमा करावी लागते. बुटांच्या बाबतीत मात्र काटकसर करू नका. शतकानुशतकं पायाखाली घासलेला संगमरवर कोरडा असतानाही निसरडा लागतो आणि पावसात तर काचेवरून चालल्यागत होतं. चांगली पकड असलेले ट्रेकचे बूट घ्या. टोपी आणि पाण्याची बाटली हवीच. नळाचं पाणी पिण्याजोगं असतं, ते भरत राहा.

पैशांसाठी सर्वांत सोपी पद्धत कॉन्ट्रीची. रोज सकाळी प्रत्येकाने ठरलेले युरो एका पाकिटात टाकायचे आणि त्यातून जेवण, पाणी, बस-मेट्रो भागवायचं. पाकीट रोज वेगळ्याकडे द्यायचं, म्हणजे हिशेबाचं ओझं एकाच्याच डोक्यावर राहत नाही. तिकिटं आणि खरेदी ज्याची त्याने करावी. ग्रुपमध्ये एखाद्याचा हात नेहमी आखडता असतो आणि तो बोलत नाही. म्हणून जेवणाची कमाल रक्कम निघण्याआधीच ठरवा, आणि ती ज्याला सर्वांत कमी परवडतं त्याच्या हिशेबाने ठरवा. कार्ड जवळजवळ सगळीकडे चालतं, पण चौकातला कड्यासारखा पाव विकणारा आणि आठवडी बाजार यांच्यासाठी सुटे पैसे ठेवा.

विमानतळावरून शहरात

दोन वाटा आहेत. मेट्रोची निळी लाइन साधारण चाळीस मिनिटांत सिंतग्मा चौकात आणि पुढे मोनास्तिराकीला सोडते; तिकीट ९ युरो. ही गाडी अर्ध्या तासाहून जास्त अंतराने सुटते, म्हणून फलक बघून मग घाई करा. दुसरी वाट एक्स-९५ ही बस. ती चोवीस तास धावते, सिंतग्मापर्यंत तासभर घेते आणि तिकीट ५.५० युरो पडतं. चौघे-पाचजण असाल आणि विमान मध्यरात्री उतरत असेल तर टॅक्सीचा दर विचारून बघा. विमानतळ ते मध्य शहर यासाठी ठरलेलं भाडं असतं, दिवसाचं वेगळं आणि रात्रीचं वेगळं, आणि ते डोक्यांत विभागलं की फारसं जड जात नाही.

सिंतग्मा स्टेशनात उतरलात तर लगेच बाहेर पळू नका. मेट्रो खणताना जे सापडलं त्याचा उभा छेद तिथे काचेमागे तसाच ठेवला आहे. मातीचे थर, जुने पाण्याचे नळ, एक थडगं, सगळं एकाच भिंतीत. मोनास्तिराकी स्टेशनात तर एरिदानोस या प्राचीन नदीचा बांधून काढलेला प्रवाह दिसतो. शहराची ओळख इथूनच सुरू होते आणि तिकीट मेट्रोचंच.

शहरात फिरताना ९० मिनिटांचं साधं तिकीट १.२० युरोचं आहे, पण ते फारसं लागणार नाही.

कुठे राहायचं

दोघे-तिघे असाल तर मोनास्तिराकी किंवा प्सिरी भागातलं हॉस्टेल. चार किंवा जास्त असाल तर अ‍ॅक्रोपोलिसच्या दक्षिणेला कुकाकी वस्तीत स्वयंपाकघर असलेली जागा भाड्याने घ्या. ही साध्या लोकांची वस्ती आहे. खाली बेकरी, कोपऱ्यावर फळवाला, आणि गडाचं दार दहा-पंधरा मिनिटांवर. ओमोनियाजवळ खोल्या स्वस्त मिळतात, पण रात्री उशिरा परतताना तो भाग मला तितकासा बरा वाटत नाही. बुकिंगच्या रकमेत हवामान शुल्क नावाचा सरकारी कर बहुधा धरलेला नसतो. तो जागेवर, दर रात्रीच्या हिशेबाने द्यावा लागतो. दुपारी साधारण तीन ते साडेपाच ही तिथे अधिकृत शांततेची वेळ असते, गच्चीत मोठ्याने गाणी लावू नका. आणखी एक, जे कुणी सांगत नाही: बहुतेक ठिकाणी संडासात कागद टाकायचा नसतो, शेजारच्या डब्यात टाकायचा. पाइप अरुंद असतात.

पहिली संध्याकाळ: तिकीट न काढता

प्रवासाने अंग मोडलेलं असतं, म्हणून पहिल्या दिवशी संग्रहालय नको. पश्चिमेकडच्या टेकड्यांवर चढा. आधी प्निक्स. खडकात कोरलेला एक चौथरा आणि समोर उताराचं मोकळं मैदान, एवढंच दिसतं. पण अथेन्सची नागरिकांची सभा इथे भरायची. पुढारी पेरिक्लिस इथेच बोलला, नामवंत वक्ता डेमोस्थेनिस इथेच बोलला. बायका, गुलाम आणि परके यांना त्या सभेत जागा नव्हती हेही मनात असू द्या. मग फिलोपाप्पूच्या टेकडीवर जा. तिथून समोर गडावरचं पार्थेनॉन देऊळ, मागे समुद्र आणि पिरेयस बंदर दिसतं. सूर्यास्ताला खूप लोक अरिओपागसच्या खडकावर गर्दी करतात. तो खडक गुळगुळीत झालेला आहे आणि अंधारात उतरताना पाय घसरतो. फिलोपाप्पूला गर्दी कमी आणि दृश्य जास्त मोकळं.

दुसरी सकाळ: गड

सह्याद्रीत फिरलेल्याला अ‍ॅक्रोपोलिस समजावून सांगावा लागत नाही. हा गडच आहे: सभोवती कडा, चढायला एकच सोयीची बाजू, त्या बाजूला महाद्वार आणि वर देवळं. महाद्वाराचं नाव प्रोपिलेया. गडाचा नियम इथेही पाळा, उन्हाच्या आत वर पोचा.

तिकीट सरकारी संकेतस्थळावर आधीच काढायचं. त्यावर वेळ छापलेली असते आणि दिवसाला २०,००० लोकांची मर्यादा आहे, म्हणून सकाळी आठची पहिली वेळ लवकर संपते. सगळ्यांची तिकिटं एकाच वेळेची काढा. दारं दोन आहेत. पश्चिमेचं मुख्य दार सगळ्यांना माहीत असतं. तुम्ही आग्नेयेच्या दाराने जा, अक्रोपोली मेट्रो स्टेशनजवळून. तिथे रांग बहुधा छोटी असते आणि वाट डायोनिससच्या नाट्यगृहावरून जाते. पुढच्या ओळीतल्या दगडी खुर्च्यांवर पुजाऱ्यांच्या पदांची नावं कोरलेली आहेत, ती वाकून पाहा. सोफोक्लिसची नाटकं पहिल्यांदा झाली ती याच उतारावर.

वर पार्थेनॉनभोवती लोक फोटो काढून वीस मिनिटांत परततात. तसं करू नका. एक खांब निवडा आणि त्याच्याकडे नीट पाहा. तो अखंड नाही, एकावर एक ठेवलेल्या दगडी चकत्यांचा आहे. मधे किंचित फुगलेला आहे आणि आतल्या बाजूला जरासा कललेला आहे. देवळाची पायरीसुद्धा सरळ नाही, मध्यावर हलकीशी उंचावली आहे. कोपऱ्यातून लांबवर नजर टाकली की कळतं. इ. स. पू. ४४७ ते ४३२ या काळात हे उभं राहिलं. खांबांवर मधेच पांढरे शुभ्र तुकडे दिसतील, ते आजच्या डागडुजीचे. दगड त्याच पेंतेली डोंगरातला आहे. त्यात थोडं लोह असतं, त्यामुळे काळ जाईल तसा तोही मधासारखा पिवळसर होईल. देऊळ मोडलं ते वयामुळे नव्हे. १६८७ साली तुर्कांनी आत दारूगोळा साठवला होता आणि व्हेनिसच्या सैन्याचा तोफगोळा त्यावर पडला.

पलीकडच्या एरेख्थिऑनच्या सज्जाला खांबांऐवजी सहा स्त्रिया आहेत. त्या सहाही नकला आहेत. खऱ्यांपैकी पाच खाली संग्रहालयात आणि एक लंडनला.

म्हणूनच क्रम महत्त्वाचा: आधी गड, मग अ‍ॅक्रोपोलिस संग्रहालय. २००९ साली उघडलेली ही इमारत खाली सापडलेल्या वस्तीवर खांबांनी उचलून धरली आहे, काचेच्या जमिनीतून ती वस्ती दिसते. सर्वांत वरचा मजला पार्थेनॉनच्या दिशेलाच वळवलेला आहे. शिल्पपट्टी तिथे मूळ क्रमाने लावली आहे, आणि जे तुकडे ब्रिटिश संग्रहालयात आहेत त्यांच्या जागी पांढऱ्या प्लास्टरच्या नकला आहेत. किती गेलं हे वाचावं लागत नाही, रंगावरून दिसतं. तिकीट वेगळं लागतं.

प्राचीन अगोरा: इथे वेळ काढा

मला विचाराल तर अथेन्समधली सर्वांत बोलकी जागा हीच. गडावर देव राहायचे, अगोरात माणसं. बाजार, कोर्ट, कचेऱ्या, सगळं इथे. सॉक्रेटिस इथेच लोकांना थांबवून प्रश्न विचारायचा. हेफेस्टसचं देऊळ जवळजवळ छपरासकट उभं आहे. अतालोसचा स्तंभमंडप १९५० च्या दशकात पुन्हा बांधला, त्यात संग्रहालय आहे.

त्या संग्रहालयात फुटक्या मडक्यांच्या खापऱ्या ठेवल्या आहेत. एखादा पुढारी डोईजड झाला असं वाटलं की अथेन्सचे नागरिक खापरीवर त्याचं नाव कोरून टाकायचे. किमान ६,००० खापऱ्या पडल्या तर ज्याच्या नावाच्या सर्वांत जास्त, त्याला दहा वर्षं शहराबाहेर. खापऱ्यांवर थेमिस्तोक्लिस या पुढाऱ्याचं नाव शोधा, अक्षरं सहज ओळखू येतात. अ‍ॅक्रोपोलिसच्या उत्तर उतारावर एका विहिरीत त्याच्या नावाच्या १९० खापऱ्या सापडल्या आणि हस्ताक्षरं तपासली तर ती जेमतेम चौदा जणांची निघाली. म्हणजे आधीच कोरून वाटायला तयार ठेवलेली मतं! शेजारीच न्यायालयातलं मातीचं जलघड्याळ आहे आणि ज्युरी चिठ्ठी काढून निवडण्याचा खाचांचा दगड आहे. इथे तासभर तरी द्या.

आपल्याकडचा एक धागाही सांगून ठेवतो. कार्ल्याच्या चैत्यगृहातल्या खांबांवर देणगीदार म्हणून ‘यवनां’ची, म्हणजे ग्रीकांची, नावं कोरलेली आहेत, हे आपल्यापैकी अनेकांनी पाहिलंय. उलट दिशेनेही माणूस आला होता. सम्राट ऑगस्टसच्या काळात बारुगाझाहून, म्हणजे भडोचहून आलेल्या एका भारतीय श्रमणाने अथेन्समध्ये स्वतःला अग्नीत झोकून दिलं. स्ट्रॅबो या ग्रीक भूगोलकाराने त्याच्या थडग्यावरचा लेख नोंदवला आहे आणि पुढे चरित्रकार प्लुटार्कच्या काळातही लोक ‘भारतीयाचं थडगं’ दाखवत. आज ते कुठे दिसत नाही. पण या रस्त्यांवर आपण पहिलेच नाही, हे कळल्यावर चालण्याला वेगळा अर्थ येतो.

अगोरापासून दहा मिनिटांवर केरामिकोस, जुनं स्मशान आणि कुंभारवाडा. गर्दी नसते, गवतात कासवं फिरतात.

शाकाहारी असाल तर

‘निस्तीसिमो’ हा एक शब्द पाठ करा. ऑर्थोडॉक्स उपवासाचं खाणं, म्हणजे मांस नाही, अंडं नाही, दूधदुभतं नाही. बेकरीपासून खानावळीपर्यंत सगळ्यांना कळतो. फक्त त्या उपवासाला कालवं, कोळंबी चालते, तेवढं विचारून घ्या. टोमॅटोत शिजवलेले मोठे पांढरे वाल म्हणजे गिगांतेस, पिवळ्या डाळीचं घट्ट वरण म्हणजे फावा (वर कच्चा कांदा आणि ऑलिव्ह तेल), भाज्यांचं ब्रियाम, छोल्यांचं रेविथिया. पोळीची आठवण येत असेल तर फावा आणि पाव मागवा. भरलेले टोमॅटो आणि द्राक्षाच्या पानांच्या गुंडाळ्या यांत कधी खिमा असतो, कधी नुसता भात. विचारल्याशिवाय घेऊ नका.

सकाळी कुलुरी, तिळाचं कडं, हातात घेऊन चालता चालता खायचं. मांस खाणाऱ्यांचं दुपारी गिरोस-पीतावर (मांसाचे काप गुंडाळलेली रोटी) चार-पाच युरोंत पोट भरतं. खानावळीत पाच जणांना मिळून चार पदार्थ मधे ठेवून खाणं हीच तिथली रीत आहे, त्यामुळे कॉन्ट्रीलाही सोयीचं. टेबलावर न मागता आलेल्या पावाचे पैसे लागू शकतात, नको असेल तर लगेच परत करा. आणि वेटरला “पाच जण” सांगताना उघडा पंजा त्याच्या तोंडासमोर धरू नका. तिथे ती मोठी शिवी आहे. तळवा स्वतःकडे ठेवून बोटं दाखवा.

तिसरा दिवस वेगवेगळा

चार दिवस चोवीस तास एकत्र राहिलं की चांगल्या मित्रांचंही खटकतं. तिसऱ्या दिवशी दुपारपर्यंत फुटा. ज्याला इतिहासाचं वेड आहे त्याने राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात जावं: मायसिनीचा सोन्याचा मुखवटा आणि समुद्रातून निघालेलं अँटिकिथेराचं दातेरी चाकांचं यंत्र तिथे आहे. मंगळवारी ते उशिरा उघडतं. ज्याला गल्ल्या आवडतात त्याने अनाफिओतिकात हरवावं. अनाफी बेटावरून आलेल्या गवंड्यांनी गडाच्या कुशीत बांधलेली ती छोटी पांढरी घरं आहेत. लोक राहतात, दारांत डोकावू नका. पळणाऱ्याने १८९६ च्या ऑलिंपिकचं संगमरवरी मैदान गाठावं. संध्याकाळी भेटायची जागा आणि वेळ ठरलेली असावी, फोन लागला नाही तरी चुकामूक होऊ नये म्हणून.

एकटे असताना पाकीट पुढच्या खिशात. मोनास्तिराकी, ओमोनिया आणि हिरव्या मेट्रो लाइनवर पाकीटमार असतात, डब्यात शिरताना सॅक छातीवर घ्या. चौकात हसत येऊन मनगटाला दोरा बांधणाऱ्याला आधीच नाही म्हणा. अडचणीत ११२ फिरवा. मेट्रोचा संप अधूनमधून असतो, आदल्या रात्री हॉस्टेलात विचारून ठेवा.

चौथा दिवस: समुद्र

सुनिओनचं टोक सुमारे ७० किलोमीटरवर आहे, कड्यावर पोसायडनचं देऊळ. केटेल या कंपनीची बस किनाऱ्याकिनाऱ्याने जाते आणि दीड-दोन तास घेते. जाताना उजवीकडची जागा पकडा, समुद्र त्या बाजूला. सूर्यास्त पाहायचा असेल तर शेवटची बस किती वाजता आहे हे उतरतानाच चालकाला विचारा, कारण ऋतूप्रमाणे वेळ बदलते आणि तिथे दुसरं वाहन मिळणं कठीण. समुद्राची ओढ जास्त असेल तर पिरेयसहून बोटीने एजिना बेटावर जा. तिथे अफाइआचं देऊळ आहे आणि बंदरावर भाजलेले पिस्ते मिळतात. तेच घरच्यांसाठी घ्या, जागा कमी व्यापतात.

परतीच्या दिवशी सॅक हॉस्टेलात ठेवून सकाळ मोकळी मिळते. विमानतळावर निदान तीन तास आधी पोचा, शेंगेनबाहेर जाणाऱ्यांना पासपोर्टच्या रांगेत वेळ लागतो. कॉन्ट्रीचा शेवटचा हिशेब सिंतग्मावरच करून टाका, तिथून बसमध्ये बसायच्या आधी.